अर्ज मागे घेता येत नाही

बेथेल, सेंट पॉल नदीकाठ
रविवार, ३ फेब्रुवारी १९८०

प्रिय जोनासदादा,

तुझा सभासद होण्याचा अर्ज गुरुवारी फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये वाचला गेला. पांनी मला हे सांगितलं असं मात्र धरू नकोस. आपले वडील लॉजमधलं घरी सांगत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. पण त्या दिवशी ते डोक्यावरची टोपी न काढताच जेवायला बसले आणि कसावाच्या पाल्याची भाजी दोनदा घेऊन मला म्हणाले, "ऑरी, पाहुण्यांचे कप खाली काढून ठेव. तीन माणसं येतील." त्यावरून मी ओळखलं.

ही तीन माणसं अर्जदाराच्या घरी जाऊन घरच्यांना प्रश्न विचारतात. तू घर म्हणून बराकीचा नाही, बेथेलचा पत्ता लिहिलास. पांच्या मनाला ते किती भिडलं, हे मी इथे लिहीत नाही, कारण त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, आणि नुसत्या तर्काने लिहिणं बरं नव्हे.

मी त्यांना विचारलं, "चांगला सभासद म्हणजे कसा हो?" तुला आठवतं ना, जेवणाच्या याच टेबलावर त्यांनी मला वाचायला शिकवलं, तेव्हाही मी असेच प्रश्न विचारायची आणि ते पुढ्यात ओळंबा टांगून म्हणायचे, "हा बघ, हा कुणाची भीड धरत नाही." या वेळी त्यांनी ओळंबा आणला नाही. मग म्हणाले, "जेवढं माहीत आहे त्याहून कमी बोलणारा. मेलेल्या भावाच्या घराचं छप्पर आपलं समजणारा. आणि मत टाकताना मित्र, मुलगा, वैरी, यातलं कुणीही डोळ्यांपुढे न आणता फक्त लॉजचं भलं बघणारा. बाकी लॉजचा एप्रन काय, कुणीही इस्त्री करून घालील." इस्त्री मी करते म्हणून तो टोमणा मला होता.

तिघांत जज्ज प्रॉक्टर आहेत, थिओफिलस व्हिटफील्डकाका आहेत आणि चर्चचे रेव्हरंड. ते मला काय विचारतील या काळजीने मी आत्तापासून झोपत नाही. काही चुकलं तर मला रागव.

तुझी
ऑरेलिया


मनरोव्हिया, बराक
रविवार, १० फेब्रुवारी

ऑरी,

तू झोपत नाहीस यात नवं काय? पाच वर्षांची असताना एक लिंबू न विचारता तोडलंस आणि रात्रभर रडून अख्खं घर जागं ठेवलंस. तुला पाठीवर घेऊन अंगणात फेऱ्या मी मारल्या. पाठ अजून दुखते.

माझ्या तुकडीत मी अर्जाबद्दल कुणालाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर हसतील. "सार्जंट क्रेटन, तुम्ही त्यांच्या भिंती बांधा, आत बसायचं काम त्यांचं." खरंच आहे. टेकडीवरच्या मोठ्या लॉजच्या मागच्या भिंतीला दोन वर्षांपूर्वी गिलावा केला तो माझ्याच माणसांनी. आतून कसं आहे ते कुणी दाखवलं नाही. पण ऑरी, चोवीस वर्षं मी त्या घरचं नाव लावतो. दर महिन्याला लॉजच्या गुरुवारी पांची एप्रनची चामडी पेटी डोक्यावर घेऊन लॉजच्या पायरीपर्यंत गेलो आणि पायरीवरून परत आलो. एकदा तरी पायरी चढायची आहे. बस, एवढंच.

आता एक गोष्ट. माझ्या आईकडचा भाऊ टोकपा, विद्यापीठातला, त्याच्या नावाचा अटकेचा कागद चौकीवर लागला आहे. सरकारविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून. तो माझ्याजवळ आहे. कुठे ते लिहीत नाही. कुणी विचारलंच तर तो वर गबारंगाला आईकडे गेला असं सांग. अर्थात तुला खोटं बोलता येत नाही, म्हणजे तुला हे सांगायलाच नको होतं. पण घरात एका तरी माणसाला माहीत असावं असं वाटलं.

पत्रं पोस्टात टाकू नकोस, तिथे उघडतात. गेबा ड्रायव्हरच्या हाती दे.

तुझा
जोनास


बेथेल
रविवार, २४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

काल तिघं येऊन गेले. जे बोलणं झालं ते शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे मी काही वाढवलं किंवा लपवलं असं नको.

व्हिटफील्डकाकांनी शवपेट्या बनवताना उडालेल्या भुशाने भरलेल्या कोटासकटच खुर्ची ओढली. "काय गं, तुमचा जोनास खराखुरा गवंडी ना? विटा लावतो?"

मी म्हटलं, "हो. आधी विटा लावायचा. आता सैन्यात लावून घेतो."

"मग पंचाईत आहे," ते रेव्हरंडांकडे वळून म्हणाले. "एवढी वर्षं आपण थाप्या, गुण्या, ओळंबे मिरवतो. खरा गवंडी आत आला तर पहिल्याच दिवशी म्हणेल, काका, थापी उलटी धरलीय!" आणि इतके हसले की रेव्हरंडांच्या कपातलं आल्याचं सरबत सांडलं. "नाही बुवा, अशा माणसाला आत घ्यायचं म्हणजे आपली शोभा."

जज्ज प्रॉक्टर हसले नाहीत. ते फार मऊ बोलतात. त्यांनी विचारलं, "हा या घरात कसा आला, बाळ?"

मी सांगितलं, की तू सहा वर्षांचा असताना तुझे वडील तुला चालत घेऊन आले, 'याला पुस्तक शिकवा' एवढंच म्हणाले, आणि पांनी तुला आपलं नाव दिलं. पाणी भरलंस, लाकडं फोडलीस, शाळेतही गेलास.

"पाणी मी पण भरलं लहानपणी," व्हिटफील्डकाका म्हणाले. "पण मला कुणी नाव दिलं नाही, बापाचंच चालवावं लागलं."

मग जज्ज म्हणाले, "देवाला मानतो? दारू? बायकांचं काही?" मी खरं ते सांगितलं. दारूबद्दल मी 'नाताळात' असं म्हटलं, कारण ते खरं आहे. शेवटी ते म्हणाले, "आणि तुला त्याच्याबद्दल असं काही माहीत आहे का, जे आम्हाला माहीत असायला हवं?"

दादा, मला टोकपा आठवला. तू लिहिलं होतंस तसं मला सांगता आलं नाही. 'नाही' पण म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "तो गुपित राखतो. एवढंच सांगू शकते."

जज्जनी कप खाली ठेवला. माझ्याकडे छान हसून म्हणाले, "उत्तम. सभासद असाच हवा."

सगळं बरं झालं असं पा म्हणतात. मला ते हसू आवडलं नाही. पण हसू आवडलं नाही म्हणून एखाद्याबद्दल वाईट लिहिणं योग्य नाही, म्हणून इथेच थांबते.

तुझी
ऑरेलिया


मनरोव्हिया, बराक
रविवार, २ मार्च

ऑरी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. म्हणजे शवपेट्या ठोकणाऱ्या व्हिटफील्डला माझी लाज वाटते. 'अशा माणसाला'. लहानपणी त्याच्या अंगणातून जाताना तो मला 'ए क्रेटनांच्या बादल्या' म्हणून हाक मारायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. न हसून काय करणार?

पण जज्जसाहेबांबद्दल तुझं चुकतंय. परवा ते स्वतः बराकीवर आले होते. अधिकाऱ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला! म्हणाले, "सार्जंट, आत आलास की तू आणि मी भाऊ भाऊ. भावाला भावाजवळ मन मोकळं करता येतं. तुझ्या डोक्यावर काही ओझं असेल तर ते आपण मिळून उचलू." आजवर त्या मंडळींपैकी एकानेही माझं ओझं विचारलं नव्हतं. पेटी मात्र सगळ्यांनी दिली.

मी विचार करतोय, की शपथ झाल्यावर टोकपाचं सरळ त्यांच्याच कानावर घालावं. जज्ज माणूस, तो कागद फाडूही शकेल.

वीस तारखेला मतदान ना? पांढरा सदरा शिवायला टाकला आहे.

जोनास


बेथेल
रविवार, ९ मार्च
(पोस्टाने)

दादा,

गेबा आज आला नाही, म्हणून हे पोस्टात टाकते आहे. त्यामुळे थोडक्यात. तुझा अर्ज मागे घे. कारण विचारू नकोस. कुणाजवळही मन मोकळं करू नकोस, कुणाजवळही नाही.

ऑ.


मनरोव्हिया, बराक
गुरुवार, १३ मार्च

ऑरेलिया,

पाकीट उघडून परत चिकटवलेलं होतं. पुढच्या वेळी नीट विचार कर.

लॉजमध्ये वाचलेला अर्ज मागे घेता येत नाही. हा नियम मला पांनीच सांगितला होता, सही करण्याआधी. "नीट ठरव. एकदा वाचला की मतदान होणारच. एकतर सगळ्या गोट्या पांढऱ्या, नाहीतर एक काळी, म्हणजे नकार. तिसरी वाट नाही." ज्यांच्या घरात हे मला सांगितलं गेलं, त्याच घरातून आता तू म्हणतेस मागे घे.

तुला कुणी काही बोललं का? तुला मागणी घालणाऱ्या कुणाला माझ्यासारखा मेव्हणा आत बसलेला चालणार नाहीये का? असेल तर स्पष्ट लिही. मी राग धरणार नाही. तू खोटं लिहीत नाहीस म्हणून मी तुझं पत्र उघडतो, आणि या वेळी तू काहीच लिहिलं नाहीस.

जोनास


बेथेल
शनिवार, २२ मार्च

प्रिय दादा,

गेबाच्या हाती देते आहे.

तुला अधिकृत चिठ्ठी मिळालीच असेल. एक काळी निघाली. चूक झाली असेल म्हणून नियमाप्रमाणे मतपेटी पुन्हा फिरवली, आणि पुन्हा एकच काळी निघाली. हे मला व्हिटफील्डकाकांकडून कळलं, सांगायला नको होतं, पण ते काल ओसरीवर येऊन बसले, पांशी एक शब्द बोलले नाहीत आणि उठताना मला म्हणाले, "गवंड्याला कळव, आमची थापी उलटीच राहिली."

कुणी टाकली ते विचारायची पद्धत नाही. विचारणाराच दोषी ठरतो.

पा आजारी आहेत. भात पुढे ठेवला की थोडा चिवडतात आणि उठतात. मी तुला एवढंच लिहू शकते, की ज्याने टाकली त्याला तू नकोस म्हणूनच टाकली असं धरून चालू नकोस. याहून जास्त लिहिलं तर मी कुणाला तरी दिलेला शब्द मोडते. हे पत्र अर्धवट आहे हे मला माहीत आहे. माझ्यावर विश्वास ठेव.

टोकपाला सांभाळ. आणि शक्य असेल तर त्याला दुसरीकडे ठेव.

तुझी
ऑरेलिया


मनरोव्हिया
रविवार, ३० मार्च

ऑरेलिया,

विश्वास कशावर ठेवू? अर्ध्या पत्रावर?

शिवलेला पांढरा सदरा मी तुकडीतल्या स्वयंपाक्याला दिला. त्याला मोठा होतो. तो घालून तो पाम तेलाची कढई ढवळतो आणि सगळे त्याला लॉजच्या प्रमुखासारखं 'मास्टर' म्हणतात. मीही म्हणतो.

मी तिथल्या सत्तावीस जणांना एकेक करून आठवलं. पा माझे सूचक. रेव्हरंड माझे दुसरे सूचक. जज्ज मला दोन दिवसांनी भेटले तर त्यांचा चेहरा पडला होता, रागाने ओठ थरथरत होते, म्हणाले, "तुझ्याइतकंच मला लागलंय." ते नाटक नव्हतं, मी माणसं ओळखतो. मग उरलं कोण? तुझ्याच पत्रातले शब्द घे: 'अशा माणसाला आत घ्यायचं म्हणजे आपली शोभा.' आणि नंतर ओसरीवर येऊन थट्टा! पांशी बोलला नाही, कारण तोंड नव्हतं.

टोकपाची जागा बदलली. तुझ्या सांगण्यावरून नव्हे, त्याच्याच मित्रांच्या. ते मित्र माझेही झाले आहेत. बराकीत आम्ही सार्जंट लोक हल्ली पत्ते खेळायला बसतो. पत्ते कुणीच वाटत नाही.

इथून पुढे मी माझ्या आईने ठेवलेलं नाव लिहीन.

केरकुला


मनरोव्हिया
मंगळवार, १५ एप्रिल

ऑरेलिया,

रेडिओवर ऐकलंच असशील. शनिवारपासून देश आमच्या हाती आहे. तू आणि पा घरातच राहा. ओसरीवर बसू नका. पांच्या एप्रनची पेटी नदीत टाक. पुरू नकोस, लोक उकरतात.

मला एका टेबलावर बसवलं आहे, कारण मला वाचता येतं. टेकडीवरच्या इमारतीतून लॉजची रजिस्टरं गाडी भरून आणली. जुनं सरकार लॉजवाल्यांचंच होतं, म्हणून प्रत्येक वस्तीतून लॉजचा एक माणूस आणायचा अशी सूचना आहे. बेथेलचं पान माझ्यासमोर आहे. सत्तावीस नावं. पांचं नाव मी पहिल्याच दिवशी खोडलं, त्याची काळजी करू नकोस.

उरलेल्या सव्वीसांपैकी एक मला लिहायचा आहे. बाकीचे राहतील आपापल्या घरी, माझ्याकडून त्यांना काही होणार नाही. मला ज्याने नाकारलं तोच लिहायचा आहे. तुला माहीत आहे कोण ते. तुझ्या त्या पत्रात तू ते नाव दातांत धरून लिहीत होतीस.

रविवारपर्यंत नाव कळव. सोमवारी यादी जाते. तुझ्याकडून आलं नाही तर मला जे माहीत आहे ते मी लिहीन.

केरकुला


बेथेल
शनिवार, १९ एप्रिल

जोनासदादा,

मी तुला याच नावाने लिहिणार, तुला आवडो न आवडो.

रस्ते बंद आहेत, तुझं पत्र काल दुपारी मिळालं. गेबा आठवड्यापासून दिसला नाही. हे मी मिरच्या घेऊन शहराकडे चाललेल्या मा सिआच्या टोपलीत घालते आहे. ती उद्या पोचवते म्हणाली आहे. देवा, पोचू दे.

काळी गोटी पांनी टाकली.

आता बस आणि नीट वाच. नऊ मार्चला चर्च सुटल्यावर जज्ज प्रॉक्टर आपल्या ओसरीवर आले. मी आतून सरबत नेत होते, दाराशीच थांबले. जज्ज म्हणाले, "अॅम्ब्रोज, मुलगा गुणी आहे. येऊ दे आत. शपथ झाली की मी त्याला बाजूला घेईन आणि विचारीन, भावा, तुझा तो पत्रकंवाला भाऊ कुठे आहे? भाऊ भावाशी खोटं बोलत नाही."

पा म्हणाले, "आणि बोलला तर?"

"तर खोटी शपथ घेणारा सार्जंट म्हणून तो माझा. खरं बोलला तर टोकपा माझा. तुझ्या पोरीनेच सांगितलं ना, तो गुपित राखतो म्हणून? गुपित आहे म्हणूनच राखतो."

माझ्या त्या एका वाक्याने हे झालं, दादा. खोटं बोलायचं नाही म्हणून मी अर्धं खरं बोलले, आणि त्यांनी त्याची दोरी केली.

जज्ज गेल्यावर पा ओसरीवरच बसून राहिले. मी म्हटलं, दादाला अर्ज मागे घ्यायला सांगू या. ते म्हणाले, "अर्ज मागे घेता येत नाही. तो आत येणार, नाहीतर नाकारला जाणार." मी तरी पोस्टात ती चिठ्ठी टाकली, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

वीस तारखेला ते लॉजमधून आले. टोपी काढली. म्हणाले, "ऑरी, चांगला सभासद कसा असतो ते मी तुला शिकवलं. मत टाकताना मुलगा डोळ्यांपुढे आणायचा नाही. आज मी चांगला सभासद नव्हतो." मग माझ्याकडून शब्द घेतला, की हे तुला कधीही सांगायचं नाही. "त्याला माझा राग येऊ दे," ते म्हणाले. "राग आलेला माणूस लॉजपासून लांब राहतो, आणि प्रॉक्टरपासूनही." सत्तावीस वर्षांत त्यांनी तिथला एकच नियम मोडला, आणि तो तुझ्यासाठी. माझा शब्द मी आज मोडते आहे. त्याचं पाप माझं.

व्हिटफील्डकाकांबद्दल. मी त्यांचे शब्द शब्दाला शब्द लिहिले आणि चेहरा लिहिला नाही, कारण चेहऱ्याबद्दल लिहिणं म्हणजे तर्क, असं मला वाटायचं. आता लिहिते. त्या दिवशी हसून झाल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन ठेवला होता, जाईपर्यंत. आणि ओसरीवर 'थापी उलटीच राहिली' म्हणाले तेव्हा ते रडत होते, दादा, नाक कोटाच्या बाहीला पुसत होते. पांशी बोलले नाहीत, कारण तुझा बाप गप्प बसून कसा राहिला याचा त्यांना राग आला होता. तुझ्या बाजूने लॉजमध्ये भांडलेला तो एकटा माणूस. त्यांच्या जिभेला हाड नाही, एवढाच त्यांचा दोष.

तुला नाव हवं आहे. मी दिलं. ते तू आधीच खोडलेलं आहेस. आता त्या पानावर दुसरं कुणाचंही लिहू नकोस. अगदी प्रॉक्टरचंही नको, कारण मी कुणाचं नाव या टेबलासाठी देणार नाही. त्यांना सांग, की बेथेलचं पान भिजलं, फाटलं, काहीही सांग. मला खोटं बोलता येत नाही. तुला येतं ना? या एकदा बोल.

तुझी
ऑरेलिया


मनरोव्हिया
बुधवार, २३ एप्रिल

ऑरी,

मा सिआला दोन चौक्यांवर अडवलं. टोपली उपडी केली, मिरच्या पायाखाली गेल्या, पण पत्र तिने कमरेला बांधलं होतं. ती मंगळवारी दुपारी माझ्यापर्यंत पोचली.

मी यादी सोमवारी सकाळी दिली होती.

व्हिटफील्डला सोमवारी दुपारीच आणलं. मी टेबलाशी होतो. त्याने मला ओळखलं आणि म्हणाला, "अरे, क्रेटनांचा गवंडी! बरं झालं ओळखीचं कुणीतरी भेटलं. यांना सांग रे, मी फक्त पेट्या बनवतो." मी मान वर केली नाही. मला वाटलं, बघ, अजूनही थट्टाच करतोय. त्याला आतल्या आवारात नेलं. काल तुझं पत्र वाचल्यावर मी धावत तिकडे गेलो. आवार धुऊन झालं होतं.

प्रॉक्टर रविवारी स्वतःहून माझ्याकडे आला होता. हात पुढे केला, आणि म्हणाला, "सार्जंट, देवाशपथ सांगतो, मी दोन्ही वेळा तुझ्यासाठी पांढरीच टाकली." मला ते खरं वाटलं. ते खरंच होतं. मी त्याला सिएरा लिओनच्या सीमेपर्यंतचा परवाना लिहून दिला, बायको आणि मोटारीसकट. तो आता पलीकडे पोचला असेल.

टोकपा मोकळा आहे. शहरात फिरतो, लोक त्याला खांद्यावर घेतात. त्याला यातलं काही माहीत नाही.

पांना काय सांगायचं ते तू ठरव. मी त्यांच्यासमोर येऊ शकत नाही. त्यांना मला वाचवायचं होतं आणि त्यांनी वाचवलं, एवढं मला समजलं आहे. त्याचं मी काय केलं, हेही समजलं आहे.

व्हिटफील्डच्या घरी कुणी गेलं नसेल. लोक घाबरतात. त्याची बायको एकटी असेल आणि तिला कळवलंही नसेल, कारण इथून कुणालाच कळवत नाहीत. तू जा. त्याचं नाव कुणी लिहिलं, हे ती विचारील. तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे, आणि या वेळी मी तुला तसं बोलायला सांगतही नाही.

जोनास